विमान आणायला गेलेला ट्रक

घाटावरच्या एका आर्मी वर्कशॉपमध्ये माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी नायक होतो. ट्रेड व्हेईकल मेकॅनिक, काम रिकव्हरी सेक्शनमध्ये. रिकव्हरी म्हणजे काय, ते नागरी वाचकांना सांगायला हवं. गाडी दरीत गेली, नदीत रुतली, रस्त्यात बंद पडली की ती ओढून आणणं, हे आमचं काम. लढणारे पुढे जातात. आम्ही मागे राहिलेलं गोळा करतो.

गोवा मुक्त होऊन दोनएक वर्षं झाली होती. आमच्या कर्नलसाहेबांच्या मनात एक गोष्ट होती. दुसऱ्या महायुद्धात वापरलेल्या गाड्या ठिकठिकाणच्या डेपोंत गंजत पडल्या होत्या. त्या मोडीत जाण्याआधी गोळा कराव्यात, दुरुस्त कराव्यात आणि वर्कशॉपच्या मागच्या जुन्या शेडमध्ये त्यांचं एक म्युझियम करावं. त्यांची अट एकच होती.

"म्युझियममधली प्रत्येक गाडी चालू पाहिजे. मेलेल्या गाड्या मला नकोत."

ड्यूटी संपली की आम्ही त्या शेडमध्ये जायचो. सक्ती नव्हती, तरी बहुतेक जण जायचे. वर्षभरात तिथे एक स्टाफ कार, दोन मोटरसायकली, एक ॲम्ब्युलन्स आणि एक आर्मर्ड कार उभी राहिली. आणि एक तीनटनी ट्रक. तो ट्रक ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेलेला होता. आमच्याकडे आला तेव्हा त्याला बॉनेट नव्हतं आणि गिअरबॉक्समध्ये उंदरांनी घर केलं होतं. तो ज्याने उभा केला त्याचं नाव लान्स नायक सांतान फर्नांडिस, ड्रायव्हर.

सांतान माझ्याच भागातला. मी धामापूरचा, तो मालवणच्या अलीकडच्या एका वाडीतला. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, आमची गावं रत्नागिरी जिल्ह्यात होती. बॅरेकमध्ये सगळ्यांशी हिंदी बोलायचं आणि दिवे गेले की आम्ही दोघं हळू आवाजात मालवणी बोलायचो. तो उंच होता, हात मोठे होते आणि कामात असताना तो गाडीशी बोलायचा. घोड्याशी बोलावं तसं. "रव जरा, रव. माका बघूक दी." त्याला कोणी हसलं तर तोही हसायचा, आणि पुन्हा बोलायचा.

म्युझियममध्ये विमान नव्हतं. कर्नलसाहेबांना विमान हवं होतं. तोफखान्याची टेहळणी करणारी दोन सीटची लहान विमानं युद्धात होती, नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेली. त्यातलं एक काही वर्षांपूर्वी इंजिन बंद पडून आमच्या किनाऱ्यावर उतरलं होतं. पायलट वाचला. इंजिन आणि वायरलेस सैन्याने काढून नेले आणि उरलेलं राइट ऑफ करून तिथेच सोडलं. ते विमान अजून शाबूत आहे, एका तांडेलाच्या होडीच्या खोपीत आहे, अशी खबर सांताननेच सुट्टीवरून आणली होती.

ऑर्डर निघाली. सुभेदार थापलियाल इनचार्ज, मी, सांतान आणि एक वायरलेस ऑपरेटर. एक जीप, आणि तो तीनटनी. वर्कशॉपच्या इतर गाड्या ड्यूटीवर होत्या म्हणून म्युझियमचाच ट्रक न्यायचं ठरलं. सांतानला याचा फार आनंद झाला. ट्रकला पहिल्यांदाच खरं काम मिळत होतं.

सुभेदारसाहेब गढवालचे. वयाने आमच्यापेक्षा बरेच मोठे, कमी बोलणारे. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. घाट उतरून तळेऱ्याला आम्ही चहा घेतला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "गावडे, यहाँसे दिखता है?" मी म्हणालो, "नहीं साब, अभी दूर है।" मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

वाटेत सांतानचं घर होतं. सुभेदारसाहेबांनी स्वतःच जीप थांबवली. सांतानचा बाप तो लहान असतानाच गेलेला. घरात त्याची आई आणि धाकटी बहीण. आईला सगळी वाडी मांय म्हणायची, मीही म्हणू लागलो. तिने आम्हाला उकड्या तांदळाचा भात आणि तारल्या माशांचं झणझणीत तिखलं वाढलं. सुभेदारसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी त्यांनी ताट पुसून खाल्लं.

जेवण झाल्यावर मांय अंगणात येऊन ट्रकभोवती फिरली.

"ह्यो म्हातारो ट्रक कित्याक दिलो तुका? नवो नाय गावलो?" तिने विचारलं.

"मांय, ह्यो मीच मागून घेतलंय," सांतान म्हणाला. "घाटार ह्येका सगळे बघूक येतत."

"ट्रकाक बघूक? त्यांका दुसरो काय कामधंदो नाय?"

सुभेदारसाहेबांनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. ते प्रवासात पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

तांडेलाचं गाव खाडीच्या पलीकडे होतं. पूल नव्हता. दोन मोठ्या होड्या बाजूबाजूला बांधून वर फळ्या ठोकलेल्या, आणि चारसहा माणसं लांब बांबूंनी ती रेटत नेणार. तिला तिथे तर म्हणतात. त्या तरीवरून बैलगाड्या जायच्या, कधीमधी एखादी लॉरीही जायची. आमच्या दोन्ही गाड्या एकेक करून अडचण न येता पलीकडे गेल्या.

जनू तांडेल साठीचा, काळा, सुकलेल्या लाकडासारखा माणूस. त्याने आम्हाला खोपीत नेलं. नारळाच्या झापांच्या छपराखाली विमान उभं होतं, पंख सोडवून बाजूला उभे केलेले. कापड काही ठिकाणी फाटलं होतं, तिथे शिडाच्या कापडाची ठिगळं लावली होती. नळ्यांना गंज नव्हता. दरवर्षी होडीला तेल लावताना तो विमानालाही लावायचा. खोपीत त्या माशाच्या तेलाचा वास भरला होता.

"तुमचां आसा, तुमी न्हेवा," तांडेल म्हणाला. "पण न्हेवन काय करतलास? मोडतलास?"

सुभेदारसाहेबांकडे कागद होता. तो दाखवून विमान उचलता आलं असतं. त्यांनी तो खिशातच ठेवला आणि सांतानला म्हणाले, "तू बात कर।"

सांतान तांडेलाला हाताला धरून ट्रककडे घेऊन आला.

"जनूकाका, ह्येका बघा. ह्यो लढायेत होतो. मगे मोडीत टाकल्यानी. हेका चाकां नाय होती, काय्येक नाय होता. आमी उभो केलो. तुमचा इमानपण असाच उभा करतलंव. मोडूचा आसता तर ह्येतूर घालून न्हेयला असता काय?"

तांडेलाने बॉनेट उघडायला लावलं. इंजिन चालू करायला लावलं. बराच वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, "बायल सांगता, इमान गेला काय खोप रिकामी दिसतली. दिसांदे. होडी ठेवतलंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही विमानाचा सांगाडा ट्रकवर चढवला. पुढचं तोंड केबिनकडे, शेपूट मागे बाहेर. गावची रापणीचं जाळं ओढणारी माणसं मदतीला होती, ती एका हाकेसरशी उचलायची, आम्हाला फक्त रस्से बांधायचे होते. निघण्याआधी तांडेलाने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या इमान पावण्यासारख्या इला आणि घरच्यासारख्या रवला. आज परगावाक चललां. तेका आनी न्हेतल्या माणसांका सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सांतानही म्हणाला. सुभेदारसाहेबांनी टोपी काढली होती.

पहिल्या फेरीत जीप, पंख आणि वायरलेस ऑपरेटर पलीकडे गेले. तर परत आली. मग ट्रक. सांतानने तो इंच इंच पुढे घेऊन बरोबर मध्ये उभा केला. मी चाकांखाली लाकडी ठोकळे लावले. विमानाचं शेपूट मागे हलत होतं, ते धरायला तांडेल आणि त्याची आठदहा माणसं तरीवर चढली. सुभेदारसाहेब डाव्या बाजूला उभे राहिले, मी मागे. दुपार होती. ऊन लख्ख, वारा नाही. ओहोटी नुकती लागली होती. तरवाल्याने पाणी बघितलं आणि म्हणाला, चलता.

अर्धी खाडी पार झाली. तिथे पाणी खोल होतं, बांबू तळाला लागत नव्हते. तेवढ्यात डाव्या होडीतून आवाज आला. लाकूड फाटल्याचा. तरवाला ओरडला, "पाणी! पाणी इला!" होडीच्या तळाची फळी उघडली होती. ट्रकच्या वजनाने ती बाजू खाली जाऊ लागली.

"रस्से काटो!" सुभेदारसाहेबांनी ऑर्डर दिली. "हवाई जहाज छोडो! आदमी दाहिने!"

मी चाकूने मागचे दोन रस्से कापले. पुढचा आपोआप तुटला. सांगाडा मागे घसरला आणि पाण्यात पडला. तो बुडाला नाही, कलंडून तरंगत राहिला. पण माणसांना उजवीकडे जायला वेळच मिळाला नाही. फळ्या ओल्या झाल्या होत्या. तर डावीकडे कलली आणि डाव्या बाजूची सगळी माणसं घसरून पाण्यात गेली. सुभेदारसाहेबही गेले. त्यांना पोहता येत नव्हतं. तांडेलाने त्यांना मागून काखेत धरलं. ते सगळे तरीच्या अगदी लगत पाण्यात होते, आणि त्यांच्या डोक्यावर तीनटनी ट्रक कलत होता.

ठोकळे सुटले. ट्रक कडेकडे एक फूट सरकला.

मी उजव्या कडेला धरून लोंबकळत होतो. सांतान केबिनमध्ये होता. त्याच्या बाजूचं दार वर आलं होतं, बाहेर उडी मारणं सोपं होतं. मी ओरडलो, "सांतान, भायर ये! उडी मार!"

त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आधी आरशात बघितलं, मग पलीकडे, पाण्यातल्या माणसांकडे. मग माझ्याकडे.

"गावडे," तो म्हणाला, "फुडे कोण नाय मां?"

तरीच्या पुढे मोकळं पाणी होतं. मी म्हणालो, "नाय."

तो प्रश्न त्याने का विचारला, ते मला त्या क्षणी कळलं नाही. इंजिन सुरू झाल्यावर कळलं. त्याने गिअर टाकला, स्टिअरिंग उजवीकडे पिळलं आणि ट्रक पुढे काढला. मागची चाकं फळ्यांवर फिरली, मग त्यांना पकड मिळाली. ट्रक तरीच्या तोंडावरून सरळ खाडीत गेला.

वजन गेल्याबरोबर तर वर आली. अर्धी पाण्याने भरलेली होती, पण लाकडाची, ती तरंगली. पाण्यातली माणसं तिला धरून राहिली. काही जणांनी विमानाचा सांगाडा धरला. कोणी बुडालं नाही.

ट्रक जिथे गेला होता तिथे बुडबुडे येत होते. मी उडी मारली. पाणी गढूळ होतं आणि ओढ जबरदस्त. पहिल्या वेळी मला काहीच सापडलं नाही. तोपर्यंत सुभेदारसाहेबांना तरीवर टाकून तांडेल माझ्याजवळ आला होता. तो खाली गेला आणि इतका वेळ वर आला नाही की मला वाटलं, हाही गेला. वर येऊन म्हणाला, "दार उघडणा नाय. पाणी दाबता." आम्ही दोघं पुन्हा गेलो. मला डाव्या दाराची मूठ लागली, ती हलली नाही. किती वेळा गेलो ते सांगता येणार नाही. शेवटी तांडेल दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून आत शिरला आणि त्याने सांतानला बाहेर काढलं.

आम्ही त्याला जीप उभी होती त्या काठच्या वाळूवर ठेवलं. पाणी काढलं, छाती दाबली. सुभेदारसाहेबांना नीट उभं राहता येत नव्हतं तरी ते गुडघ्यांवर बसून छाती दाबत राहिले. मी त्यांचे हात धरले तेव्हा ते थांबले.

मग ते उठून जीपकडे गेले. ऑपरेटर मेसेज पाठवायला तयार होता. त्यांनी हँडसेट स्वतः घेतला. घाटमाथ्यावर आमचा दुसरा सेट होता, तो वर्कशॉपला निरोप पोचवायचा.

"व्हेईकल इन वॉटर. वन ड्रायव्हर डेड. बाकी सेफ. ओव्हर।"

बऱ्याच वेळाने वर्कशॉपचं उत्तर आलं, सीओंचं म्हणजे कर्नलसाहेबांचं. "सीओ पूछते हैं, नाम बताओ। ओव्हर."

सुभेदारसाहेबांनी नाव सांगितलं. नंबर सांगितला. मग पुढे म्हणाले, "एअरक्राफ्ट भी सेफ है। ओव्हर।"

पुन्हा थांबावं लागलं. "सीओ कहते हैं, एअरक्राफ्ट का नहीं पूछा। फर्नांडिस को घर पहुँचाओ। आप खुद जाओ। आउट."

आम्ही त्याला जीपमध्ये मागे ठेवून घरी नेलं. मांय अंगणातच होती. जीप बघून पुढे आली, आणि आमच्यामागे ट्रक नाही हे तिने पाहिलं. मी काही बोलण्याआधी सुभेदारसाहेबांनी तिला सॅल्यूट केला. नियमाप्रमाणे आम्ही जवानाच्या आईला सॅल्यूट करत नाही. तिला तेवढ्यावरून कळलं. ती खाली बसली. मग मला म्हणाली, "तुजे कपडे ओले आसत. आत जा, तेचे सदरे आसत पेटयेत."

मी त्याचा सदरा घातला. तो मला मोठा होत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्यांच्या चर्चच्या आवारात पुरलं. पाद्रीने प्रार्थना म्हटली. तांडेलाचं अख्खं गाव आलं होतं. कर्नलसाहेब रात्रभर प्रवास करून पोचले आणि त्यांनी खांदा दिला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. दोष कोणावर आला नाही. होडीचं लाकूड आतून खाल्लेलं होतं, आणि ते बाहेरून दिसण्यासारखं नव्हतं.

ट्रक बाहेर काढायचं काम माझ्याकडे आलं. पूर्ण ओहोटीला केबिनचा टप दिसायचा. तांडेलाची माणसं खाली जाऊन साखळ्या बांधायची आणि मी विंच चालवायचो. तिसऱ्या दिवशी तो निघाला. केबिनमध्ये चिखल होता. गिअर पहिल्यातच होता. मी तो न्यूट्रल केला.

वर्कशॉपमध्ये या ट्रकचं काय करायचं यावर दोन मतं होती. काही जण म्हणाले, हा इथे नको, रोज दिसेल. सुभेदारसाहेबांनी दुसऱ्या दिवसापासून इंजिन खोलायला घेतलं. ऑफिस सोडून ते हाताने वाळू काढत बसायचे. मग आम्हीही बसलो. खारं पाणी शिरलेलं इंजिन म्हणजे प्रत्येक भाग सुटा करून धुवावा लागतो. विमानाचं कापड, ट्रकचं इंजिन, दोन्ही कामं बरोबरच पूर्ण झाली.

म्युझियमचं उद्घाटन मोठं नव्हतं. फीत नव्हती. पहिले पाहुणे म्हणून कर्नलसाहेबांनी किनाऱ्यावरच्या लोकांना बोलावलं आणि त्यांना आणायला गाड्या पाठवल्या. जनू तांडेल धुतलेली बंडी घालून आला. विमानाला आता नवं कापड होतं, रंग होता. तो त्याच्याभोवती फिरला, वाकून नळ्यांचा वास घेतला आणि बायकोला म्हणाला, "तेलाचो वास गेलो गो. पण बरां दिसता."

मांयही आली होती. मुलीचा हात धरून ती स्टाफ कार, मोटरसायकली ओलांडून थेट ट्रकपाशी गेली. ट्रकजवळ लाकडी बोर्ड होता, अजून कोरा. त्यावर काय लिहावं हे कर्नलसाहेबांनी लिहून आणलं होतं. त्यात शौर्य, बलिदान असे शब्द होते. त्यांनी मला ते तिला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

"इतक्यां नको," मांय म्हणाली. "वाचूक येवचा नाय कोणाक. तो ड्रायव्हर होतो. ड्रायव्हर म्हणान लिवा, आनी तेचा नाव लिवा."

मी हिंदीत सांगितलं. कर्नलसाहेबांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. "जैसा माँ कहे," ते म्हणाले. तो बोर्ड आजही तसाच आहे.

मग तिने मडगार्डवर हात ठेवला आणि मला विचारलं, "चलता काय ह्यो?"

"चलता."

"चालू कर बघया."

मी सुभेदारसाहेबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी केबिनमध्ये चढलो. त्या सीटवर मी तोवर कामापुरताच बसलो होतो. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. मांयने हात काढला नाही. मडगार्ड थरथरत होतं.

"तेनां शेवटाक ह्योच आवाज आयकल्यान?"

"व्हय, मांय."

ती ऐकत राहिली. इंजिन गरम होऊन एका लयीत आलं तेव्हा तिने विचारलं, "ह्यो तेनांच उभो केल्लो मां?"

"तेनांच. एकट्यान."

"बरो चलता," ती म्हणाली. "आता बंद कर."